निकेलचे पिवळे स्फटिक

दौंड, मंगळवार, मे १९६१

पुण्याच्या प्रयोगशाळेतून माझ्या सोबत्याचं, कुलकर्णीचं पत्र आलं. दोन वर्षं खपून बनवलेले माझे निकेलचे पिवळे स्फटिक काळे पडले. बाटलीचं बूच सैल राहिलं, आत हवा शिरली. आमचे मार्गदर्शक सर मात्र कुलकर्णीलाच वाट्टेल ते बोलले.

पण बूच मी लावलं होतं. अब्बांच्या दुखण्याची तार आली आणि घाईत निघालो. घट्ट बसवलं होतं का? आठवतच नाही. दुपारपासून डोक्यात तेवढं बूचच आहे.

अब्बा आज उठून बसले. माझ्या हातातलं पत्र बघून म्हणाले, "कामाचा कागद हाय का?"

"न्हाई, अब्बा."

"तू आलास म्हून वाचलो बग."

सरांना लिहिलं, चूक माझी. पत्र टाकून आलो. आता शिष्यवृत्ती जाणार.

अम्मीनं आनंदानं शिरा केलाय. माझी वाटी तशीच झाकून ठेवली.