पडद्यांचं शिसं

प्रिय धाकटे,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. पत्राचं एक बरं असतं, ते मध्येच कट करता येत नाही. दुकानात फोन केला की तुझ्याकडची शिवणवाली सांगते, ताई खिडक्यांची मापं घ्यायला गेल्यात. आठवडाभर तू मापंच घेते आहेस. या गावात इतक्या खिडक्या असतील असं मला वाटलं नव्हतं. असो. मी ओरडणार हे तुला ठाऊक आहे आणि मी ओरडणारच आहे, पण आधी खाली बस. हातात टाचण्या घेऊन उभ्या उभ्या वाचू नकोस.

आधी तुझ्या दादाची तब्येत. ताप उतरला, म्हणून घरी सोडलं. तोंडातले फोड वाळायला लागलेत. काल वाटीभर सूप संपवलं आणि मला 'पुरे' म्हणाला. सध्या आमच्यात एवढंच बोलणं आहे. बाकी जे सांगायचं ते तो टीव्हीला सांगतो. बातम्या देणाऱ्या बाईकडे बघून म्हणतो, काही लोकांना घरच्या माणसापेक्षा नियम प्यारे, आणि ती बिचारी हवामान सांगत राहते.

तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे आणि त्या अर्ध्या गोष्टीवर तू सुई उचललीस, म्हणून पूर्ण सांगते. घास अडकायला लागला तेव्हा आपण सगळ्यांनीच त्याला नीट चावून खा म्हणून सांगितलं. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. मग भात अडकायला लागला, मग पाणी, तेव्हा कुठे दुर्बीण घातली आणि अन्ननलिकेचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन करता येणार नाही अशा जागी पसरलेला. नेहमीचं औषध होतंच, पण मोठ्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, एका नव्या औषधाची ट्रायल चालू आहे, बघा. ट्रायलमध्ये नेहमीचं औषध सगळ्यांना मिळतं. त्याबरोबर निम्म्यांना नवं औषध देतात आणि निम्म्यांना तसंच दिसणारं नुसतं पाणी. कोणाला काय, ते कॉम्प्युटर ठरवतो. पेशंटला कळत नाही, डॉक्टरलाही कळत नाही. मला वाटलं होतं हा चिडेल. हा खूश! म्हणाला, वा, इथे कोणाची ओळखपाळख चालत नाही, हे उत्तम. जन्म वजनमाप खात्यात काढला ना. दुकानदाराने पुढे केलेला चहासुद्धा न पिणारा माणूस.

पहिल्या दिवशीचा तमाशा तू बघायला हवा होतास. ट्रायलच्या सिस्टरने त्याला वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं. हा उभा राहीना. वाकून बघत बसला. सिस्टरला वाटलं चक्कर आली. हा म्हणतो, बाई, तुमच्या काट्याच्या पाणसळीतला बुडबुडा मधोमध नाही, काटा एका अंगाला कलला आहे, यावर कोणाचंही वजन खरं येणार नाही. आणि गुडघे टेकून, त्या पांढऱ्या फरशीवर बसून, काट्याचे पाय फिरवून फिरवून त्याने तो सरळ केला. पाठीमागे रांग खोळंबलेली. मी लाजेने भिंतीवरच्या तक्त्यातलं आतडं वाचत होते. सिस्टर मात्र हसली, आणि तेव्हापासून त्याला 'साहेब' म्हणायला लागली. आता लक्षात घे, त्याच काट्यावर, स्वतःच्या हाताने सरळ केलेल्या काट्यावर, या गृहस्थाने पुढे काय केलं.

औषध सुरू झालं आणि वजन उतरायला लागलं. ते उतरणारच. मी सगळं मिक्सरमधून काढायचे, गाळायचे, चमचा पुढे करायचे, तो तोंड फिरवायचा. साठीपुढच्या माणसाला एक चमचा माझ्यासाठी, एक चमचा धाकटीसाठी असं करून भरवावं लागतं, आणि तुझ्या नावाचा चमचा तो खायचा, माझ्या नावाचा नाही, हेही तुला सांगून ठेवते. डॉक्टरीण बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं की या औषधाचा डोस वजनावर ठरतो. वजन उतरलं की डोसही उतरवायचा. आणि फारच उतरलं तर औषध थोडे दिवस थांबवून पोटातून एक नळी बसवायची, तिच्यातून अन्न द्यायचं, अंगात ताकद आली की पुढे चालू. मी हे सगळं ऐकलं. त्याने त्यातला 'थांबवून' एवढाच शब्द ऐकला आणि तो घेऊन थेट तुझ्या दुकानात आला.

मग वजन उतरायचं थांबलं. मी किती मूर्ख बघ, मला वाटलं माझ्या सुपाचा गुण. शेजारणीला कृतीसुद्धा सांगितली. त्याचं घड्याळ मनगटावरून कोपरापर्यंत फिरत होतं, गालांत खड्डे पडले होते, आणि काटा म्हणत होता सगळं ठीक आहे. पाणीपुरवठ्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली, पाण्याच्या बाटलीकडे नुसतं बघून गडबड ओळखायचे, आणि घरात डोळ्यांसमोर माणूस वाळतोय ते मी एका आकड्यावर विश्वास ठेवून बघत राहिले. त्यात तोंडभर फोड, जुलाब, उलट्या. पाणी पितानाही डोळ्यांत पाणी यायचं. विचारलं की म्हणायचा, नवं औषध लागू पडतंय, त्याची खूण आहे. शेवटी थंडी वाजून ताप आला, रक्तातल्या पांढऱ्या पेशी पार तळाला गेल्या, आणि दाखल करावं लागलं. डॉक्टरीण बाई गोंधळल्या होत्या. या डोसला इतका त्रास व्हायला नको, म्हणाल्या. नव्या औषधाचाच दोष असेल, तसं कळवावं लागेल.

त्याला वॉर्डातले कपडे दिले आणि त्याचे अंगावरचे माझ्या पिशवीत कोंबले. घरी येऊन मी ते धुतले, दोरीवर टाकले. दुसऱ्या दिवशी काढायला गेले तर चादर वाऱ्यावर उडतेय आणि कडकडीत वाळलेली पँट दोरीला ओढून फरशीला टेकली आहे. हातात घेतली तर हात खाली गेला. कमरेच्या पट्टीत आणि पायांच्या दुमडीत मणी लागले. टाका कुठे दिसेना. दिसेना म्हटल्यावरच मला कळलं की शिवण कोणाची. आमच्या पुढच्या खोलीचे पडदे शिवलेस तेव्हा तूच नाही का मला ती शिशाच्या मण्यांची पट्टी दाखवलीस? वाऱ्याने पडदा फुगू नये, सरळ पडावा म्हणून खालच्या दुमडीत घालतात ती. माझा नवरा सरळ पडावा म्हणून तू ती त्याच्या पँटमध्ये घातलीस. वर काम इतकं सुबक केलंस की राग येतानाही मी ते उलटून पाहिलं.

दवाखान्यात जाऊन त्याला विचारलं. तो खोटं बोलला नाही, एवढं मान्य करते. म्हणाला, धाकटीला काही बोलू नकोस, मी तिला सांगितलं की वजन भरलं नाही तर मला हाकलून देतील, ती रडायला लागली आणि मशिनवर बसली. मी म्हटलं, अरे, डोस वजनावर देतात, तुझ्या अंगावर नसलेल्या मांसाचं औषध तुला चढवलं त्यांनी. तर म्हणतो कसा, मग बरंच की, जास्त मिळालं. जास्त मिळालं! दुकानदारांची मापं तपासत फिरलेला माणूस हा. मग हळूच म्हणाला, पुढचं स्कॅन होईपर्यंत गप्प राहा, एवढं एक कर माझ्यासाठी. आणि माझा हात धरला. त्याने आपणहून माझा हात चारचौघांत धरल्याचं मला आठवत नाही.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन बसले. आमच्या प्रयोगशाळेत नमुना बिघडला की बाटली मोरीत ओतायची आणि नवी आणायची, एवढा साधा नियम होता. इथे बाटली कुठून नवी आणू? सांगितलं तर कदाचित ट्रायलमधून जाईल, त्याची शेवटची आशा मी स्वतःच्या तोंडाने घालवेन. नाही सांगितलं तर पुढच्या खेपेला पुन्हा तोच डोस चढेल, आणि या तापातून उठला तसा त्या तापातून उठेलच असं नाही. समोरच्या बाकावर एक बाई नवऱ्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती, झाकण न उघडता. तिच्या नवऱ्यालाही हाच आजार. तुझ्या दादाचे फोड त्या नव्या औषधाच्या नावावर लिहिले गेले असते, आणि उद्या कोणीतरी म्हणालं असतं, हे औषध फार जहाल आहे, नको द्यायला. तिला काय सांगणार होतो आपण? की आमची नणंद पडदे छान शिवते?

मी उठले आणि पँट ट्रायलच्या सिस्टरच्या टेबलावर ठेवली. तिने उचलली, हात खाली गेला, आणि ती एकदम 'साहेब?' एवढंच म्हणाली. त्या एका शब्दाचं मला सगळ्यात वाईट वाटलं. डॉक्टरीण बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं होतं, मला भांडता आलं असतं. त्यांनी त्याचं खरं वजन केलं, औषध थांबवलं, आणि सांगितलं की नळी आता बसवायलाच हवी. ट्रायलमध्ये ठेवायचं की नाही हे ट्रायल चालवणारे ठरवतील, अजून कळवलेलं नाही. ठेवलं नाही तरी नेहमीचं औषध मिळेलच, योग्य मापाचं, पण अंगात काही ताकद असली तर. घरी येताना गाडीत तुझा दादा खिडकीबाहेर बघून म्हणाला, झाला पंचनामा. तेव्हापासून टीव्ही.

आणि आता नळीला नाही म्हणतो. मंगळवारची वेळ मिळाली आहे आणि हा हलत नाही. मी समजावलं, ओरडले, डॉक्टरांनी फोन केला, काही उपयोग नाही. आज मात्र कारण कळलं. मला नाही, सिस्टरला फोनवर सांगत होता, मी आतून ऐकलं. म्हणाला, बाई, कपडे आधीच खुंटीला टांगल्यासारखे लोंबतात, त्यात पोटातून नळी बाहेर, असा मी माणसांत कसा बसू? मला वाटत होतं तो मरणाला भितोय. तो शर्टाला भितोय.

म्हणून हे पत्र. माफी मागायला येऊ नकोस, मला माफीचं काही करता येत नाही. सोबतच्या पिशवीत ती पँट आहे, सिस्टरने परत दिलेली. ती इकडे घेऊन ये आणि त्याच्या समोर बसून स्वतःच्या हाताने उसव, मणी परत दुकानात ने, ते पडद्यांचे आहेत. मग त्याचं माप घे. खरं माप, टेप ओढून, त्याने पोट फुगवलं तर टाचणी टोचून. त्या मापाच्या दोन पँटी शिव, आणि दोन शर्ट, ज्यांना डाव्या अंगाला आतून फट असेल आणि नळी गुंडाळून ठेवायला आतल्या बाजूला एक खिसा. बाहेरून काही दिसता कामा नये. लपवायची शिवण तुझ्याइतकी कोणाला येत नाही, हे मी आता पुराव्याने सांगू शकते. माझं तो ऐकणार नाही. तुझ्या नावाचा चमचा तो अजून खातो. मंगळवारच्या आत ये. खिडक्या थांबतील.

अजून रागावलेली, तरी तुझीच,
वहिनी