‘फुटसेक’च्या पानावरचं माझं नाव

प्रिय रसेल,

तुमच्या बोलण्यात शिरलेल्या आफ्रिकान्स शब्दांवरचं तुझं पुस्तक पोचलं. नात रोज थोडं वाचून दाखवते. आधी मी हसलेही, खोटं कशाला बोलू? प्रिटोरियातले तुम्ही इंग्रज आफ्रिकान्स भाषेला नाकं मुरडणार, पण जेवण ‘लेकर’, म्हणजे चविष्ट, झाल्याशिवाय तुमचं पोट भरत नाही आणि वैतागलात की ‘आख, नी मान’ तोंडातून निघतंच. पुस्तकाच्या शनिवारच्या समारंभात मी मंचावर येऊन ठसक्यात ‘फुटसेक’ म्हणावं, लोक पोट धरून हसतील, असं तू लिहिलंस. गाडीही पाठवतोयस. पाठवू नकोस, मी येणार नाही.

तू चार वर्षांचा होतास. वरच्या न्हाणीघरात मी तुला आंघोळ घालत होते. खिडकीतून फाटक दिसायचं. तिथे माझा नवरा लेसिबा टोपी हातात धरून उभा होता. तो कधी यायचा नाही, म्हणजे गावाकडे काहीतरी घडलं होतं. तुझे बाबा बाहेर गेले. “फुटसेक! कामवालीचे पाहुणे इथे नकोत!” कुत्र्याला हाकलायचा शब्द, तोही शेजारच्या माळ्यासमोर. लेसिबा टोपी डोक्यावर घालून परत गेला. माझी आई शेवटच्या घटका मोजत होती आणि मला बोलावत होती, एवढंच त्याला सांगायचं होतं. त्याने पुन्हा निरोप पाठवला नाही. आठ दिवसांनी सुट्टीला घरी गेले, तर आदल्या दिवशीच आईला माती दिली होती.

त्या दिवशी तू पाण्यात हात आपटत तोच शब्द घोकत राहिलास आणि मी हसले. तुझ्या बाबांना ऐकू जावं म्हणून मोठ्याने हसले. नोकरी टिकवायची होती ना! ओल्या हातांनी खाली धावले असते तर आईचं तोंड दिसलं असतं. त्यासाठी मला माझाच राग येतो. तुझाही येतो, तू लहान होतास तरी येतो.

हे मी कधीच लिहिलं नसतं. पण काल नातीने एकशे बारावं पान वाचलं: “फुटसेक हा शब्द मला माझ्या लाडक्या डोराने शिकवला.” लेसिबा शेजारीच बसला होता. एकोणचाळीस वर्षांत त्याने त्या दिवसाबद्दल चकार शब्द काढलेला नाही. काल एवढंच म्हणाला, “तू शिकवलास होय?” आणि उठून बाहेर गेला. पुढच्या छपाईत त्या पानावरून माझं नाव काढ आणि तुझ्या बाबांचं घाल.

तरीही तुझीच,
मोसिदी
(तुमच्या घरी मला डोरा म्हणायचे.)