ओठ मिटतात तिथं

६ फेब्रु. १९९२, गुरुवार

उद्या शूटिंग. माझं पहिलं. पत्रकारिता विभागात वर्षभर कॅमेरा फळ्यावर खडूनं काढून शिकवला. खरा पाहिला तो छावणी भागात, शकूरभाईंच्या दुकानात. ते लग्नांची शूटिंगं करतात. मागच्या लगीनसराईत त्यांच्यामागं दिवा धरून हिंडले, तेव्हा कुठं कॅमेरा हातात दिला.

गाणं सुशीलाबाईंचं. वाळूजला कारखान्यात पॅकिंगला आहेत, वस्तीत गातात. विद्यापीठाच्या नामांतराच्या मोर्च्यांत गाऊन गाऊन सगळ्यांना पाठ आहे, 'नामांतर होईल गं'. पण कॅसेट काढणाऱ्या शेठनं स्टुडिओत शब्द बदलून घेतला. नामांतरच्या जागी युगांतर. "अर्थ तोच आहे बाई. आणि केबलवर सगळ्यांच्या घरात जायचंय." अर्थ तोच होता तर बदललास कशाला? हे तोंडावर बोलले नाही. बोलायला हवं होतं.

दादाचं पत्र. हे गाणं मी शूट करतेय, आबांच्या कानावर गेलंय म्हणे. 'मेंढरं राखणाऱ्या घरानं त्या भानगडीत कशाला पडावं?' विद्यापीठात मी शिकते, तर त्याच्या नावाच्या भानगडीत मी पडणारच.

७ फेब्रु., शुक्रवार

खांदा अजून दुखतोय. कॅमेऱ्याच्या वजनानं.

शुक्रवार म्हणजे बाईंची सुट्टी. सातला टेम्पो निघाला. शकूरभाई, मी, बाई आणि वस्तीतल्या अकरा जणी. विद्यापीठाच्या गेटवर पोलिसानं अडवलं. शकूरभाई सवयीनं म्हणाले, "शादी का है साब." पोलीस म्हणाला, "मग नवरदेव कुठंय?" सुशीलाबाई टेम्पोतूनच, "गेटावर नाव लागू द्या, मंग येतो!" हसला बिचारा. तरी हाकललंच.

मग लेण्यांच्या वाटेवरचा माळ. तिथून खाली विद्यापीठ सगळं दिसतं. एकीनं विचारलं, "तू कुणाची गं?" म्हटलं, धनगराची. "मंग तुला या गाण्याचं काय?" मला राग आला. म्हटलं, नाव बदललं तर माझ्या सर्टिफिकेटावरही येईल की! तिनं पिशवीतली भाकर काढून अर्धी मला दिली.

पहिला शॉट अख्खा काळा. काचेवरचं झाकण काढलंच नव्हतं. शकूरभाई ओरडले, "अरे बेटा, कॅमेरा है, बकरी नई!" बाया पोट धरून हसल्या. मला रडू येत होतं, पण रडले नाही.

रीत अशी की टेपरेकॉर्डरवर गाणं लावायचं, बाईंनी नुसते ओठ हलवायचे. आवाज नंतर शेठच्या कॅसेटमधला चढवायचा. चेहऱ्याचा शॉट लावला. टेप म्हणाला युगांतर. युगांतर म्हणताना ओठ कुठंच मिटत नाहीत, आरशात करून बघितलंय. बाईंचे मिटले. ना-मा. डोळ्याला लावलेल्या त्या एवढ्याशा काचेत स्वच्छ दिसलं.

थांबवलं. पुन्हा घेतलं. पुन्हा मिटले.

"बाई, टेपवर युगांतर आहे."

"ठावं हाय. मीच म्हणलंय त्ये. तवा समोर शेठ हुता. आता तू हायेस."

शकूरभाईंकडं बघितलं. ते म्हणाले, "कॅमेरे में आवाज आ री क्या?" म्हटलं, आ री. "तो फिर ये कायको?" आणि त्यांनी टेप बंदच केला. बाकीच्या अकरा जणी काय गप्प बसतात! असा आवाज चढला की खाली गेटावरचा पोलीस वर बघायला लागला. मी हललेसुद्धा नाही. शॉट ओके. मीच म्हणाले ओके.

८ फेब्रु., शनि.

शेठनं शकूरभाईंच्या दुकानात बसून टेप बघितली. दोनदा. मग म्हणाला, "ओठ मिटतात तिथं गुलाब टाका. लग्नाच्या व्हिडिओत चित्रावर टाकता तसा. वरून कॅसेटचा आवाज चढवा, झालं."

मी म्हटलं, गुलाब येणार नाही.

चिडला नाही, हे जास्त वाईट. "पोरी, अठ्ठ्याहत्तरच्या दंगलीत तू फ्रॉकात होतीस. माझ्या दुकानाच्या काचा तवा मी झाडूनं गोळा केल्यात." सोमवारी अकराला गुलाबासकट टेप हवी, नाहीतर पुढची चार गाणी दुसऱ्या कुणाला. म्हणजे शकूरभाईंच्या पोटावर. माझ्या हट्टापायी.

९, रवि.

सकाळी शकूरभाईंना विचारलं. दुकान तुमचं, तुम्ही सांगाल ते. ते भिंग पुसत बसले होते. "शूटिंग किस का था? तेरा. तो तू बोल." सोपं करून देतील तर शपथ!

सुशीलाबाईंना कंपनीच्या बसथांब्यावर गाठलं. गुलाबाचं सांगितलं. "माझ्या तोंडावर?" बस आली तरी चढेनात. "शेठला म्हन, आवाज तुला दिला. तोंड तरी माझं मला राहू दे." मग चढल्या. खिडकीतून जय भीम केला. मीही केला, पहिल्यांदाच, आणि जरा मोठ्यानंच. थांब्यावरचे बघत होते. बघेनात का.

१०, सोम.

व्हिडिओ कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकचा एक छोटा दात असतो. तो मोडला की त्या टेपवर दुसरं काही चढत नाही. सकाळी दुकानात जाऊन पेचकसानं मोडला. कट्दिशी आवाज झाला. शकूरभाई म्हणाले, "वहाँ चिकटपट्टी लगा दी तो फिर चढता, बेटा."

माहीत आहे. लावू दे शेठला. स्वतःच्या हातानं लावू दे, माझ्यासमोर.

पावणेअकरा. टेप पिशवीत आहे. शकूरभाईंनी शटर खाली ओढलं, मीही शेठकडं येतो म्हणाले. निघते.