लाँड्रीतले सगळे साहेब

तीर्थस्वरूप दाजी,

साष्टांग नमस्कार. तुमचं पत्र येऊन इतके दिवस झाले की उशिराचं कारण काय द्यावं याचा विचार करण्यातच आणखी उशीर झाला. पत्ता हरवला असं लिहिणार होतो, पण पत्ता तुमच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात आहे आणि पाकीट माझ्या उशाखाली आहे. खरं म्हणजे टाळत होतो. तुमचा गुडघा कसा आहे? ताईचा खोकला? (तिला सांगा, मी वेळेवर जेवतो. कुठल्या वेळेवर असं विचारलं तर विषय बदला.) मी एका गावात, एका नोकरीत, एका खोलीत टिकून आहे, हीच तुमच्या दृष्टीने मोठी बातमी असणार.

तुम्ही विचारलं होतं, पगाराचा आणि कामाच्या तासांचा नवा कायदा आल्यापासून इकडचे मालक काय करतात, एखादी युक्ती असली तर कळव, बेकरीला उपयोगी पडेल. युक्ती आहे. पण मला सरळ सांगता येत नाही हे तुम्ही जाणताच (शाळेत गाईवर निबंध दिला तर माझी पानं कुंपणावरच संपायची), तेव्हा जरा धीर धरा.

मी आहे त्या लाँड्रीत इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात. धुतल्यावर कुठली कुणाची ते ओळखू येत नाही. आमचा ड्रायरवाला म्हणतो, माणसांचंही तसंच, फक्त बिल वेगळ्या नावाने येतं. ते राहू दे. तर कायदा असा आला की ठरलेल्या तासांपेक्षा जास्त राबवलं तर त्या जास्तीच्या वेळेचा दुप्पट पगार. आमच्याकडे ठरलेले तास म्हणजे नुसती सुरुवात, खरं काम त्याच्या पुढे. मालकांनी काही दिवस मिठाची गुळणी धरली आणि मग एक सल्लागार आणला. बुटात तोंड दिसेल असा माणूस. ओल्या फरशीवर बूट खराब होतील म्हणून तो पालथ्या टोपलीवर उभा राहून बोलला, आणि पडू नये म्हणून ड्रायरवाल्याने त्याला मागून धरलं होतं (त्याबद्दलही दुप्पट मिळालं नाही). सल्लागाराने कायदा शेवटपर्यंत वाचला होता. दुप्पट पगार फक्त कामगाराला. देखरेख करणाऱ्या साहेबाला नाही. मग कामगार ठेवायचेच कशाला?

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे साहेब झालो. ड्रायरवाला उष्णता विभागाचा प्रमुख. गठ्ठे बांधणाऱ्या दोघा भावांपैकी धाकटा प्रमुख आणि थोरला उपप्रमुख (घरात तेव्हापासून बोलणं बंद आहे). गरम रोलरवर चादरींना इस्त्री करणाऱ्या मावशी इस्त्री विभागाच्या प्रमुख. मी त्या वेळी नेमका आगीसाठी टांगलेल्या वाळूच्या बादलीला टेकून उभा होतो, म्हणून सुरक्षा प्रमुख. देखरेख कुणाची करायची हे कुणी विचारलं नाही, कारण प्रत्येकाच्या हाताखाली त्याचे स्वतःचेच दोन हात होते.

हसलो आम्ही, दाजी. खोटं कशाला सांगू. मावशींनी तर आयुष्यभर न पटलेल्या जावेला मुद्दाम फोन करून कळवलं. मला त्या येता-जाता हाक मारायच्या, "काय सुरक्षा, आज तरी आंघोळ केलीस का?" आणि मी म्हणायचो, "खात्याअंतर्गत बाब आहे मॅडम." पगार तोच, तास वाढले, पण माणूस साहेब म्हटल्यावर घड्याळाकडे बघणं बरं दिसत नाही, असं मालकच म्हणाले.

आता रोलरचं. दोन तापलेले रोलर एकमेकांवर फिरतात, मधून चादर जाते. पुढे एक जाळी असते, बोटं आत जाऊ नयेत म्हणून. जाळी असली की चादर सावकाश घालावी लागते. कामाची घाई झाली तेव्हा मालकांनी स्वतःच्या हाताने ती काढली, म्हणाले, साहेब लोकांना जाळी कशाला. मागच्या आठवड्यात, ठरलेले तास केव्हाच उलटून गेल्यावर, एका चादरीचा कोपरा दुमडला. मावशी तो सरळ करायला गेल्या आणि चादरीबरोबर हात आत गेला. रोलर बंद करायचं बटण मी दाबलं. सुरक्षा प्रमुख म्हणून मी केलेलं ते पहिलं काम. उजव्या हाताचा फक्त अंगठा राहिला आहे. इथे विनोद करायला मला जमत नाही.

सरकारी तपासनीस आला तेव्हा जाळी जागेवर होती, नवा पिवळा रंग लावून. रंग ओला होता. तपासनीसाने बोट लावून पाहिलं, बोटाकडे पाहिलं, मालकांकडे पाहिलं, आणि बोट आमच्या घडी घातलेल्या चादरीला पुसून 'जाळी आहे' असं लिहिलं. ती चादर मला पुन्हा धुवावी लागली.

मग मालकांनी मला खोलीत बोलावून खुर्ची दिली. (इथे खुर्ची दिली की समजावं.) समोर कागद ठेवला. जाळी लावलेली होती, मावशींनी ती आपणहून उचलली, असं सुरक्षा प्रमुख लिहून देतो. मी सही केली तर चूक मावशींची, भरपाई नाही. नाही केली तर जाळीशिवाय रोलर चालू दिला कुणी? सुरक्षा प्रमुखाने. मालक अगदी मायेने म्हणाले, "घाई नाही रे. उद्या सकाळी दे." इकडे आड, तिकडे विहीर, आणि दोन्हीकडच्या सुरक्षेचा प्रमुख मीच.

तर ही ती युक्ती. कामगारच ठेवला नाही की कामगाराचं देणं लागत नाही. चालते मात्र उत्तम, त्यात खोट नाही. बेकरीत करायची की नाही ते तुम्ही ठरवा. तुमच्या भट्टीलाही तोंड आहेच.

ताईला नमस्कार, लहानांचे गालगुच्चे माझ्या नावावर मांडा.

तुमचा भटका मेव्हणा

ता. क. मी सही करणार नाही. उद्या तपासनीसाच्या वरच्या साहेबाकडे जाऊन जाळीचं आणि रंगाचं सगळं सांगणार. त्यानंतर इथे मला कुणी उभं करणार नाही. खरं म्हणजे एवढ्यासाठीच पत्र लिहिलं. तुमच्याकडे जागा असेल तर बोलवा. मैद्याची पोती उचलीन, भट्टीचे पत्रे घासीन. कामगार म्हणून घ्या. प्रमुख वगैरे करणार असाल तर येत नाही.

आणखी ता. क. वरचा मजकूर ताईला वाचून दाखवा, मी सुधारलो असं तिला वाटेल. मावशींशी अजून बोललेलो नाही. उद्या इस्पितळात जाऊन सांगेन, त्यांना बरं वाटेल.

शेवटचं. पाकीट चिकटवणार एवढ्यात दार वाजलं. मावशी आल्या आहेत, इस्पितळातून परस्पर, हात गळ्यात बांधलेला. मागे त्यांची मुलगी, अंगात आमच्या लाँड्रीचा एप्रन. मालक इस्पितळात जाऊन आले म्हणे. मी सही दिली तर रोलरवरची जागा मुलीला. मी भरपाईचं बोललो, तर मावशी म्हणाल्या, "ती मिळेपर्यंत खायचं काय? तू तर उद्या पोतडी उचलशील आणि जाशील." मुलगी विचारते आहे, जाळी लावून दिवसाचं काम उरकतं का. मावशी तिला म्हणतात, "ते मागाहून, आधी त्याला सही करू दे." मालकांचा कागद त्यांनी माझ्या पुढ्यात ठेवला आहे आणि हलू नये म्हणून डाव्या हाताने दाबून धरला आहे.