फळीच्या पलीकडे

बोर्ली, रविवार संध्याकाळ

आजचं लिहून ठेवायलाच हवं.

एअर रायफलचे नवे जड छर्रे आज मागच्या वाडीत तपासले. वेग मोजायच्या यंत्रावर आकडा हलक्या छर्‍यांपेक्षा कमी, म्हणून मी निर्धास्त. नेमही सुरेख, सगळे छर्रे एका नाण्याएवढ्या जागेत! खुशीत नेमाचा कागद काढायला गेलो, तर त्यामागच्या फळीला आरपार भोक. हलके छर्रे याच फळीत रुतून बसायचे. वेग कमी म्हणजे मार कमी, असं छर्‍याचं वजन विसरून कसं धरून चाललो मी?

पलीकडे शेजारच्या नफिसाचाची कपडे वाळत घालत होत्या. "चाची!" मी ओरडलो. उत्तर नाही. तेवढ्यात डोळ्यांपुढून काय काय गेलं, लिहवत नाही.

मग चादरीआडून आवाज आला, "काय रे विनू, बोंबलतोस कशाला? ऐकू येतंय मला."

मी त्यांना फळी दाखवली. भोकात बोट घालून बघितलं त्यांनी. मग हळूच म्हणाल्या, "माझी नात आत्ताच इथं बसलेली. दूध प्यायला आत गेली."

पक्की भिंत बांधेपर्यंत रायफल कपाटात. मला राहवणार नाही, म्हणून चावी चाचींकडेच दिली. त्यांनी ती ओढणीच्या टोकाला बांधली. गाठ दोनदा मारली.