तपासणीच्या दिवशी पिठाच्या कोठीत

प्रति,
मा. आरोग्य निरीक्षक,
दुकाने, कारखाने व अन्न तपासणी विभाग,
नगर आरोग्य कार्यालय.

विषय : पुलाखालच्या बेकरीची तपासणी यापुढे न करण्याबाबत.
संदर्भ : आपण मागील महिन्यात केलेली तपासणी व दिलेला ‘उत्तम’ हा शेरा.

महोदय,

१. मी वरील बेकरीत पाव पाकिटांत भरण्याचे काम करते. माझे पती तेथेच भट्टीवर होते. लोक तपासणी व्हावी म्हणून अर्ज करतात, मी ती होऊ नये म्हणून करीत आहे, याचे आपणांस नवल वाटेल. तरी अर्ज शेवटपर्यंत वाचावा.

२. तपासणीच्या आदल्या दिवशी आपल्या कार्यालयातून शेठना फोन येतो. मग फरशी घासली जाते, जळमटे निघतात, आम्हांला टोप्या व हातमोजे मिळतात. ते संध्याकाळी परत घेतात. एरवी उंदीर इतके मोकळे वावरतात की मुकादम म्हणतो, यांनाही हजेरीवर घ्या. त्या दिवशी तेसुद्धा दिसत नाहीत. त्यांनाही फोन जात असावा.

३. खोकला असलेल्या माणसाला अन्नाच्या कामाचा आरोग्य दाखला मिळत नाही. हा नियम आपला आहे व तो योग्य आहे. खोकला मात्र बेकरीचाच आहे. मैद्याच्या धुरळ्यात वर्षे काढणाऱ्याच्या छातीत तो बसतोच. अशांना त्या दिवशी घरी पाठवावे, तर मळलेले पीठ कोणासाठी थांबत नाही. आपली पाठ फिरली की लगेच भट्टी लावावी लागते. म्हणून त्यांना मागच्या कोठीत बसवून दारापुढे मैद्याची पोती छतापर्यंत रचतात. समोरून ती भिंतीला लावलेली थप्पीच वाटते. कोठीला खिडकी नाही.

४. पूर्वीचे साहेब चहा घेऊन, सही करून जात. आपण मात्र प्रत्येक डबा उघडलात, पाण्याचा वास घेतलात, माझी नखे पाहून “छान” म्हणालात. मला बरे वाटले होते. तेवढ्यात पोत्यांमागून खोकला आला. आपण मान वळवलीत. शेठ म्हणाले, “शेजारचे म्हातारबाबा आहेत, साहेब.” मग आपण पीठ मळायचे यंत्र चालवून दाखवा म्हणालात. त्याचा आवाज फार मोठा आहे. यंत्र थांबले तेव्हा खोकला नव्हता.

५. आपण गेल्यावर पोती काढली. पती भिंतीला टेकून बसलेले होते, तोंडात भट्टीचे फडके कोंबलेले. ते कोणी कोंबले नाही, त्यांनीच कोंबले होते. माझा धाकटा दीर, त्याचा आरोग्य दाखला अजून काढलेला नसल्याने, आत त्यांच्याजवळ होता. तो सांगतो, “दादा म्हणाला, आवाज बाहेर गेला तर सगळ्यांच्या पोटावर पाय येईल.” आपल्या बारकाईबद्दल माझी तक्रार नाही. पण आपण थोडे कामचुकार असता तर ते वाचले असते, हे मला कोणाला तरी सांगायचेच होते. रोगापेक्षा औषध भयंकर म्हणतात ते हेच.

६. मयताचा खर्च शेठनी केला. मृत्यूच्या दाखल्यावर ‘दम्याने, राहत्या घरी’ असे लिहिले आहे. त्यावरची तारीख आणि आपल्या शेऱ्यावरची तारीख एकच आहे. सासूबाई म्हणतात, “एक गेला, दुसऱ्याचं काम तरी राहू दे. तू गप्प बस.” त्यांचेही काही चूक नाही. मी गप्पच होते. पण आज सकाळी पुन्हा फोन आला. आदर्श बेकरीची पाटी देण्याआधी आपण उद्या फेरतपासणीस येणार आहात. भट्टीवर आता दीर आहे, आणि त्यालाही खोकला लागला आहे.

७. तरी उद्याची तपासणी रद्द करावी. तसे अधिकार नसल्यास चहा घेऊन लवकर निघावे. तेही आपल्या स्वभावात नसेल, तर आल्या आल्या, टोप्या व नखे पाहण्याआधी, उजवीकडची पोती काढायला लावावीत. बेकरीला कुलूप लागेल, माझे काम जाईल, सासूबाई माझे तोंड पाहणार नाहीत. त्याचे मी बघून घेईन. खोकला ऐकू येण्याची वाट मात्र पाहू नये. सकाळी फोन आल्यापासून दीर तोंडात फडके धरून आवाज न करता खोकायला शिकतो आहे, आणि आता त्याला ते जमू लागले आहे.

आपली नम्र व घाईत असलेली,
(सही)
मयत भट्टीवाल्याची पत्नी,
पाकिटे भरणारी कामगार.

दिनांक : बुधवार, दुपार