सतरा सेंटिमीटर

मंगळवार, १९ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. तू पाठवलेलं पार्सल गुरुवारी मिळालं. ठोकळे मोजून घेतले, तीनशे बारा भरले. दोन तुटलेत, बाकी धड आहेत. आई ठीक. डाव्या मनगटाचं प्लास्टर अजून तीन आठवडे राहील. माझं मोजणीच्या ऑफिसातलं काम नेहमीसारखंच. वहिनीला नमस्कार सांग.

इथपर्यंतचं पत्र शनिवारी लिहून ठेवलं होतं. पुढचं आज लिहितेय.

फोनवर तुला 'आई घसरली' एवढंच सांगितलं. ते पूर्ण खरं नव्हतं.

तळमजल्याची ही जागा घेतली तेव्हा आईला उजेड आणि अंधार एवढाच फरक कळत होता. जुन्या घरात ती सवयीनं वावरायची, इथे सगळंच नवं. तिचा हट्ट एकच, फाटकाबाहेरच्या बाकापर्यंत एकटीनं जायचं. तिथे संध्याकाळी शेजारच्या शिंपीणबाई बसतात. "हाताला धरून नेलं की मी सामान होते गं," म्हणाली.

म्हणून तुझी लहानपणची ठोकळ्यांची पेटी काढली आणि घराची इवलीशी प्रतिकृती केली, बोटांनी वाचता येईल अशी. ठोकळे बसवायच्या पाटीवर त्या गोल गुंड्या असतात ना, एक गुंडी म्हणजे एक मीटर. हिरव्या पाटीच्या बत्तीस गुंड्यांत घर, अंगण, फाटक, बाक सगळं मावलं. पलंग दोन गुंड्यांचा. शेगडी म्हणजे एक गोल चकती. अंगणातला नळ म्हणजे तुझ्या अंतराळवीराची दुर्बीण. इतक्या लहान मापात एकेका तुकड्याला अख्खी वस्तू व्हावं लागतं. तू असतास तर तासभर दुर्बिणीवरून भांडला असतास.

रोज कामावरून आले की चहा, मग पाटी आईच्या मांडीवर. मी सांगायचे, ती बोट फिरवायची. हे दार. हे कपाट, वरच्या खणात तुझे स्वेटर. ही खिडकी, हिच्यातून समोरच्या घरातलं मांजर दिसतं, ते आज कसं पडलं. असं करत ऑफिसातल्या साहेबांपर्यंत यायचे. "तीस वर्षं न बघता टायपिंग केलंय मी," ती म्हणायची, "हे काय अवघड?" एकदाही चुकली नाही.

दाराबाहेर एक पायरी आहे. उंची सतरा सेंटिमीटर. पेटीतला सगळ्यात पातळ तुकडा या मापात चाळीस सेंटिमीटरचा होतो. सतरा म्हणजे त्याच्या निम्म्याहून कमी. मी शून्य धरलं. नकाशात आम्ही असंच करतो. हात धरून नेताना मी 'पायरी' म्हणायचे. पहिल्यांदा एकटी निघाली तेव्हा म्हणायला कुणी नव्हतं.

मी आत कपडे घडी करत होते. शिंपीणबाई धावत आल्या. आईला उठवता उठवता मला म्हणाल्या, "खेळणी कसली करतेस बाई, एक काठी घेऊन दे."

चूक माझी होती. हे मी दहा दिवस स्वतःशी घोकलं. खरं सांगायचं तर त्यात बरं वाटत होतं. चूक असली की दुरुस्ती असते.

रविवारी तुझ्या पार्सलमधली एक पातळ पट्टी घेतली. चाळीस तर चाळीस, माप खोटं असलं तरी बोटाला लागेल. पाटी आईच्या मांडीवर ठेवली आणि म्हटलं, "पायरी शून्य धरली होती ना, ती घातलीय, बघ." पट्टी बसवायला मला जरा उशीर झाला. ती अजून माझ्या हातातच होती.

"हां, लागली," आई म्हणाली. "आता कशी पडतेय बघ."

यानंतर मी जे केलं ते मला आवडलेलं नाही. मी फाटक काढलं. मग बाक काढला. म्हटलं, "चल, बाकापर्यंत दाखव." तिचं बोट मोकळ्या पाटीवरून चालत गेलं. "हे फाटक. डावीकडे वळायचं. हा बाक. टेकले बघ!" आणि हसली.

"आई, बोटांना कळत नाही ना तुझ्या?"

"ही जागा घेतली, त्याच्याही आधीपासून," म्हणाली.

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"पाटी असली की तू बोलायचीस गं. एरवी तू बोलतेस कुठे?"

सोमवारी रजा टाकून डॉक्टरांकडे नेलं. साखरेनं डोळे नेले, त्याच साखरेनं नसा नेल्या. बोटांच्या आणि तळपायांच्याही. गेलेलं परत येत नाही, म्हणाले. म्हणजे पायरी मी घातली असती तरी ती पडलीच असती. मी सगळी मापं पुन्हा तपासली, दादा. दुरुस्त करण्यासारखं काही सापडत नाही.

आज कामावरून आले तर पाटी घेऊन बसलेली. "सांग," म्हणाली.

"काय सांगू? सगळं पाठ आहे तुला."

"मग दादाचं घर कर."

तुझं घर मी पाहिलेलं नाही. मापंही माझ्याकडे नाहीत. चार वर्षांत तुझी अकरा पार्सलं आली, त्यांवरच्या पत्त्याखेरीज मला काही माहीत नाही. तिला तसं सांगितलं.

"बरं, घर राहू दे. त्याला तरी कर."

"या मापात माणूस होत नाही, आई. रुंदीत अर्ध्या गुंडीएवढाही भरत नाही."

"म्हणून त्याला शून्य धरू नकोस हं," ती म्हणाली.

बोटांचं तुला कळवायचं नाही, असं तिनं बजावलंय. मी कळवतेय. बाकापर्यंत आता मी नेते, हाताला धरून. ती सामानासारखी येते. मग घरी येऊन पाटी घेते आणि मी बोलायची वाट बघते. माझ्याजवळचं सांगून संपत आलंय. मला तुझ्यासारखं रचून सांगता येत नाही, तू मला फूटपट्टी म्हणायचास ते खोटं नव्हतं.

यापुढे ठोकळे पाठवू नकोस. दाराबाहेरची पायरी सतरा सेंटिमीटर आहे, अंधारात दिसत नाही. येशील तेव्हा पाय जपून टाक.

तुझी,
फूटपट्टी